लॉनवाल्यांचा डबल डोज

"डोज कमी पडून राह्यला," एवढं म्हणायचं आणि अंगठ्यानं मिशी चोळायची. अमरावतीबाहेरच्या एका लग्नाच्या लॉनचे हे मालक. मी राजापेठेतला मंडपवाला, त्यामुळे हे वाक्य सीझनभर माझ्या कानी पडायचं. चहा फिका लागला, डोज कमी. पुतण्या ट्यूशन लावूनही नापास झाला, डोज कमी. असा एखादा सर्वज्ञ तुमच्याही गल्लीत असेलच.

त्यांच्या हिरवळीत एक चिवट, रुंद पात्याचं तण शिरलं होतं. हे दरवर्षी तेच एक तणनाशक मारत. सुरुवातीला तण मेलं. मग थोडं वाचलं, आणि त्या वाचलेल्याचंच बी पडून पुढे सगळीकडे तेच उगवलं. कृषी केंद्रवाल्यानं समजावून सांगितलं की या तणाला आता हे औषध लागू पडत नाही. औषध बदला आणि फुलोऱ्याआधी बाया लावून उपटून घ्या. मीही तेच म्हटलं, तर माझ्याकडे बघून हसले.

"बाया लावून निंदाले हे काय कापसाचं वावर हाये?"

खुद्द यांच्या आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदण केलेलं. पण लॉनचे मालक झाल्यापासून यांना खुरप्याची लाज वाटायला लागली होती.

मुलीचं लग्न ठरलं. तिचा एकच हट्ट होता: बाबांचा हात धरून बोहल्यापर्यंत गवतावरून अनवाणी चालायचं. यांनी लग्नाच्या तोंडावर डबल डोज हाणला. हिरवळ जळून पिवळी पडली. तण मात्र वरपक्षाकडून आल्यासारखं ऐटीत उभं.

शेवटी मी हिरवं कारपेट अंथरलं. मुलगी सँडल घालूनच आली. "राहू द्या बाबा, मी कारपेटवरून चालतो," म्हणाली. यांचा अंगठा मिशीकडे गेला आणि तिथूनच परत फिरला.

पाठवणीनंतर कारपेट गुंडाळताना पाहिलं, तर हा गृहस्थ नव्याकोऱ्या सफारीत उकिडवा बसून हातानं तण उपटत होता. चार शब्द सुनावायचेच म्हणून मी तावातावानं गेलो. पण शेजारी बसलो आणि मीही उपटायला लागलो.

पुढच्याच वर्षी ते गेले. मुलीनं औषध बदललं, बाया लावून निंदणही करवून घेतलं. यंदा लॉन हिरवंगार झालं. परवा ती आली, चपला कडेला काढल्या आणि बोहल्याच्या जागेपर्यंत अनवाणी चालत गेली. एक हात तिनं उगाच बाजूला धरला होता.

मूर्ख माणूस. एवढं बघायला थांबायचं तरी होतं.