पूनमसिंगच्या घराण्यातल्या बाया

दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यात सोयरीक जुळायची म्हटली, की पूनमसिंग राठोडला बोलावणं ठरलेलं. मुलाचं गोत, मुलीचं गोत, कोण कुणाचा नातू, सगळं तोंडपाठ. स्वतःच्या घराण्याच्या नऊ पिढ्या तो न अडखळता सांगे. बाप, आजा, पणजा, सगळी नावं पुरुषांची. पण हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

सहासष्टाव्या वर्षी त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. दोन वर्षं इंजेक्शनांनी रोग दबून राहिला, मग कमरेच्या हाडात उतरला. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद पुढे ओढला.

"एक गोळी आहे, पण ती सगळ्यांना लागू पडत नाही. शरीराच्या पेशींत रोज बारीकसारीक मोडतोड होते आणि शरीर ती दुरुस्त करतं. काही घराण्यांत दुरुस्तीचं ते जनुकच जन्मापासून बिघडलेलं असतं. तुमचं तसं असेल, तर गोळीचा उपयोग होईल. आमच्या योजनेत घराण्यात कॅन्सर असलेल्यांचंच रक्त तपासतात. तुमच्याकडे कुणाला होता?"

"कोणालेच नाई." पूनमसिंगने बापापासून सुरुवात केली. बाप साप चावून गेला, आजा म्हातारपणानं, दोन्ही काका शेवटपर्यंत धडधाकट. बाईंनी कागदावर एकेका पुरुषाचा चौकोन काढला आणि पेनाला टोपण लावलं.

शेजारी बसलेली त्याची बायको मानीबाई न राहवून म्हणाली, "अवो, अन् हंसाबाई?"

"तू चूप राह्य. ते राठोडाची राह्यली कुठं? लगीन झालं, चव्हाणाच्या गोतात गेली."

"गोत बदललं, रगत बदलते काय?"

बाईंनी टोपण काढलं. "हंसाबाई कोण?"

"मायी बहीण. पुसदले देली. तिच्या... छातीत गाठ होती म्हनत."

"काका, हे जनुक बाईकडूनही येतं, पुरुषाकडूनही. बाईला स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर देतं, पुरुषाला तुमच्यासारखा. तिचे कागद आणा. लवकर आणा, हाडातला रोग थांबणार नाही."

दुसऱ्याच दिवशी तो पुसदच्या बसमध्ये बसला. प्रत्येक खड्ड्यात कमरेतून कळ येत होती, पण त्याला धास्ती वेगळीच होती. भावानं बहिणीला छातीचं दुखणं विचारायचं कसं? बारा वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं, तेव्हा सासरचं दुखणं सासरचे पाहतील, म्हणून तो गेलाही नव्हता.

हंसाबाईनं पाणी दिलं. तो गोल गोल बोलत राहिला. पीक, पाऊस, नातवंडं.

"भिया, तू बसमंदी हलत कंबर मोडून आला, ते सोयाबीन इचाराले?"

"तुये ते... दवाखान्याचे कागद लागते."

तो मान खाली घालून बसला. कागद दिले नाहीत, तर गोळी नाही.

"मी मराले टेकली होती तवा कोणी राठोड फिरकला नाई," ती म्हणाली. "आता तुले मायं दुखनं पायजे."

"चुकलं मायं."

ती आत गेली. आतून डबे सरकवल्याचे आवाज येत राहिले. मग प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. "घे. अन् डॉक्टरीनले रामी आत्याचंबी सांग. पोट फुगून गेली ते. मीच होती तिच्यापाशी, तुमी सारे म्हने, बाहेरवाशा झाला, भूत लागलं."

रक्त तपासणीला गेलं. अहवालाला चार आठवडे लागले. त्या चार आठवड्यांत कंबर इतकी दुखू लागली, की मानीबाईच्या हाताशिवाय त्याला बाजेवरून उठवेना.

अहवालात बिघाड निघाला. बाईंनी गोळी त्याच दिवशी लिहून दिली. पुढं त्या म्हणाल्या, "आता मुलांचं. प्रत्येकाच्या अंगात हे असण्याची शक्यता निम्मी निम्मी."

थोरला शाम बरोबर आला होता. त्यानं तिथंच बाही वर केली. पूनमसिंग बाहेरच्या बाकावर आला आणि घाटंजीला दिलेल्या लेकीला, पुष्पाला, स्वतःच फोन लावला. सगळं सांगितलं. जीभ अडखळली, तरी 'छाती' हा शब्द त्यानं गिळला नाही.



"बापू, मले निघालं तर सुरभीलेबी?" सुरभी तिची लेक, एकोणीस वर्षांची.

"ते तुयं पायल्यावर समजन. तू सोमवारी ये, पुष्पा. शाम संगं येवो, न येवो, मी यवतमाळच्या स्टँडवर उभा राह्यतो."

"तुमची कंबर, बापू?"

"दुखते," पूनमसिंग म्हणाला. "पन तू ये."