जूनमध्येच सुटलेली सकाळची शाळा

चाकणच्या आमच्या कंपनीत मार्च संपता संपता कुणीतरी हमखास म्हणतं, "झाली बरं का जर्मनीची सकाळची शाळा." हा शब्द माझा. गाड्यांचे सुटे भाग आम्ही तिकडच्या एका कारखान्याला पाठवतो. तिथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणून त्यांची रोजची मागणी आपल्याकडे तासभर आधी येते, हे मीटिंगमध्ये कुणाच्या डोक्यात शिरेना. मी म्हणालो, "अहो, आपली सकाळची शाळा नसायची का? तसंच." सगळे हसले आणि सगळ्यांना कळलं. एरवी मी फारसा बोलत नाही, त्यामुळे ते हसणं अजून कानात आहे.

चिंचवडच्या आमच्या शाळेत होळी झाली की शाळा सकाळची व्हायची. ऊन डोक्यावर यायच्या आत घरी, पुसलेल्या फरशीवर पालथं पडायचं, आणि पुढे अख्खा दिवस आपलाच. जून आला की पुन्हा दुपारची शाळा. नवी छत्री, जुना कंटाळा. हे इतकं अंगात मुरलेलं, आणि तिथेच घोळ झाला.

मागणी क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये येऊन पडायची. ती उचलून मालाची यादी काढायचं काम मी वेळ लावून ठेवलं होतं, रोज आपोआप व्हावं म्हणून. त्याबद्दल साहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवल्या होत्या. पण त्या डेटाबेसचं घड्याळ जगाच्या एकाच ठरलेल्या वेळेवर चालतं, त्याला उन्हाळा-हिवाळा माहीत नाही. म्हणून पहिल्या वर्षी मार्चमध्ये मी ती वेळ हातानेच तासभर अलीकडे घेतली. आणि जूनमध्ये, इकडे शाळा सुरू झाल्या तशी, पुन्हा पुढे ढकलली. उन्हाळा जूनमध्ये संपतो, यात विचारायचं काय? जर्मनीच्या घड्याळातला संपतो ऑक्टोबरच्या शेवटी.

म्हणजे मागणी आपल्या दुपारी साडेतीनला येऊन पडायची आणि माझं काम ती साडेचारला उचलायचं. माल रात्रीच्या ट्रकने जायचा, कंपनीचं काही अडलं नाही. अडलं एका माणसाचं. डिस्पॅचला एक जण होते, माझ्याहून थोडे मोठे, मूळचे बीडकडचे, राहायला कासारवाडीला. मी त्यांना भाऊ म्हणायचो. यादी हातात आल्यावर पेट्यांवरचे स्टिकर जुळवून सही केल्याशिवाय त्यांना निघता येत नसे. यादीला उशीर झाला की पाचची बस चुकायची. सहाच्या बसने मोशी-भोसरीचा जाम लागायचा, आणि घरी पोचायला रात्र.

पेट्या तयार, यादी नाही. मग आम्ही गेटबाहेरच्या टपरीवर जाऊन बसायचो.

"काय सर, घंटा झाली का न्हाई तुमच्या जर्मनीची?"

"साडेचारला, भाऊ."

"लईच ढ शाळा हाय राव. घरी म्हातारा वाट बघायलाय."

त्यांच्या वडिलांचं एक अंग लुळं पडलं होतं, म्हणून त्यांना गावाहून आणलेलं. संध्याकाळी कासारवाडी स्टेशनच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या, एवढीच त्यांची हौस. नजर अधू, त्यामुळे अंधार पडला की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत. "जूनपर्यंत रोज नेलं बघा," भाऊ म्हणायचे. "एका अंगानं मी, दुसऱ्या अंगानं काठी. आता पोचेस्तोवर दिवे लागत्यात. त्याला वाटायलंय, मीच टाळायलोय."

जुलैत एका दुपारी मागणी येऊन पडल्याची वेळ सहज माझ्या नजरेस पडली. साडेतीन. बघितलं आणि समजलं. दुरुस्ती मिनिटभराची होती. मी केली नाही.

का, ते आता सांगतो. बदल करायचा तर साहेबांना कारण सांगावं लागलं असतं, आणि ज्याला टाळ्या मिळाल्या त्याला जर्मनीचा उन्हाळा कधी संपतो हे ठाऊक नाही, हे चारचौघांत निघालं असतं. हे एक. दुसरं सांगायला जास्त जड जातं. माझं घर गप्पांचं नाही. त्या टपरीवरचा तास मला आवडायला लागला होता. पत्र्यावर पाऊस, ओल्या पावाचा आणि कंपनीतल्या तेलाचा मिसळलेला वास, आणि समोर भाऊ बोलतायत. त्यांच्या वडिलांची वाट बघणं मी त्यांच्याच तोंडून, चहा पीत ऐकत होतो.

ऑक्टोबर सरला, जर्मनीने घड्याळ मागे घेतलं, मागणीच साडेचारला यायला लागली आणि माझी चुकलेली वेळ हात न लावता बरोबर झाली. कुणाला काही कळलं नाही. दिवाळीनंतर म्हातारे गेले. स्मशानात मी सगळ्यांच्या मागे उभा राहिलो.

पुढच्या मार्चमध्ये मी त्या कामात तासांऐवजी जर्मनीतल्या गावाचं नाव लिहिलं. असं लिहिलं की तिथलं घड्याळ सरकेल तसं काम आपोआप सरकतं. आधीही एवढंच करायचं होतं.

यंदाच्या मार्चअखेरीस टपरीवर कुणीतरी पुन्हा तो शब्द काढला. इतर उठून गेल्यावर मी भाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी ग्लास बाकावर ठेवला.

"म्हंजी यादी तिथं यायलेली असायची?"

"यादी नाही, मागणी. पण हो. यादी निघाली असती."

"आन् आपण हितं चहा पीत बसायचो."

"हो, भाऊ."

"म्हातारा शेवटपर्यंत म्हणायचा, तुला लाज वाटती माझ्यासंगं चालायची." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग मनगट वळवून घड्याळ पाहिलं. "निघतो सर. पाचची बस हाय."

चहा अर्धा तसाच राहिला. बस सुटली तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. ते कासारवाडीला उतरतील तेव्हाही उजेड असणार होता.