खालची पेंढी

या जगात कधीच न फसलेला असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघावा हा माझ्या नशिबाचा भाग आहे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्या व्याह्यांचं तोंड कधी पोळलंच नाही, कारण ते पहिल्यापासून पाणीसुद्धा फुंकून पीत आले. त्यांच्या हातात दोन घड्याळं असतात, दोन्ही डाव्या मनगटावर, एकाखाली एक. एक खोटं बोललं तर दुसरं पकडतं म्हणे. दोन्ही खोटं बोलली तर, असं मी एकदा विचारलं. त्यावर, "तिसरं घरी हाय," असं त्यांनी शांतपणे सांगितलं. रक्तदाब ते शहापूरला दोन डॉक्टरांकडे मोजून घेतात आणि दोघांवरही विश्वास न ठेवता मधला आकडा धरून चालतात. गॅसची टाकी आली की आधी तराजूला लटकते आणि मग चुलीपाशी जाते. कलिंगडवाले तर त्यांना लांबून येताना पाहिलं की गाडीवर फडकं ओढतात.

माझी मुलगी बघायला ते आमच्या शहापूरच्या घरी आले, तेव्हा मुलीपेक्षा जास्त वेळ त्यांनी भिंत पाहिली. बोटाच्या पेरानं चार ठिकाणी वाजवून पाहिली. पोह्यांची बशी समोर आली तर वरचे पोहे बाजूला सारून चमचा थेट तळाशी घातला. मुलीची बी.कॉम.ची गुणपत्रिका खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. माझी बायको आतून मला खुणा करत होती, की हे स्थळ नको. खरं तर आमची ओळख जुनी होती. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एकाच कारखान्यात आम्ही नोकरीला. ते मशीनवर, मी हिशेब खात्यात. वीस वर्षं कंपनीच्या एकाच बसनं आलो-गेलो. पण तेच तर त्यांना खटकत होतं. हिशेबातला माणूस आपल्या पोराला स्वतःहून मुलगी का देतोय, यात काहीतरी असणार, म्हणून त्यांनी तीन महिने माझी चौकशी केली. किराणावाल्याकडे केली, दूधवाल्याकडे केली, किन्हवलीला माझे चुलत मामा राहतात त्यांच्याकडेही जाऊन आले. एवढं करून होकार कळवला तोही कसा? "अजून तरी काय सापडलं नाय," असा.

हा स्वभाव त्यांना वडिलांकडून आला. डोळखांबच्या बाजूला त्यांचं गाव, आणि वडील गवताचा धंदा करायचे. गावोगावच्या गवताच्या गंज्या विकत घ्यायच्या आणि ट्रक भरून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या. गंजी बाहेरून सोन्यासारखी पिवळी दिसते. आत ओल राहिली असेल तर मात्र ती आतून तापते आणि काळी पडत जाते, आणि ते बाहेरून कुणालाही कळत नाही. त्यावर उपाय एकच, खांद्यापर्यंत हात आत घालायचा. गार लागली तर घ्यायची, ऊन लागली तर पुढच्या गावाला चालू लागायचं. शिवाय वरची पेंढी विकणाऱ्यानं निवडून ठेवलेली असते, तेव्हा बघायची ती नेहमी खालची. व्याह्यांना हे बालपणीच मिळालेलं ज्ञान, आणि त्यानंतर त्यांनी दुसरं ज्ञान मिळवायची गरज मानली नाही. वाण्याच्या दुकानात तांदळाच्या पोत्यात त्यांचा हात कोपरापर्यंत जातो. आमच्याकडून दिवाळीला करंज्यांचा डबा गेला तर तो डबा ते खालून उघडतात. म्हणजे सगळ्या करंज्या परातीत उलट्या करतात.

तर अशा माणसाला कारखान्यातल्या कामगारांनी एकमतानं विश्वस्त म्हणून निवडून दिलं. आमच्या कारखान्याचा भविष्य निर्वाह निधीचा स्वतःचा ट्रस्ट होता. पगारातून कापलेले आणि कंपनीनं घातलेले पैसे ट्रस्ट रोख्यांमध्ये गुंतवायचा, वर्षाला त्यावर व्याज चढायचं, आणि निवृत्तीच्या दिवशी माणसाच्या हातात जन्माची कमाई पडायची. त्याला सगळे नुसतं 'फंड' म्हणत. ट्रस्टवर निम्मे साहेब, निम्मे कामगार. आधीचे कामगार विश्वस्त बैठकीतला चहा-समोसा घेऊन सह्या करून यायचे. यांना निवडायचं कारण विचारलं तेव्हा मशीनवरचा एक म्हातारा म्हणाला होता, की जो स्वतःच्या बायकोच्या चहाचा वास घेऊन पितो, तो साहेबाच्या चहाला भुलायचा नाही. त्या ट्रस्टचे हिशेब लिहायचं काम माझं होतं. त्यामुळे ही निवडणूक झाली आणि माझे रविवार संपले.

दर रविवारी सकाळी नऊला, दोन्ही घड्याळांप्रमाणे नऊला, व्याही ताळेबंदाची वही काखेत मारून दारात हजर. ताळेबंदाच्या मागे एक पान असतं. हिशेब कोणत्या रीतीनं लिहिले ते त्यात सांगितलेलं असतं. हिशेब तपासनिसांनी पूर्वी कधीतरी लिहून दिलेलं ते पान मी दरवर्षी नुसती तारीख बदलून पुन्हा छापायचो. आजवर ते कुणी वाचल्याचं मला ठाऊक नाही. खरं सांगायचं तर मीही नीट वाचलं नव्हतं. व्याह्यांनी ते पाठ केलं. त्यात दोन वाक्यं होती. एक, सर्व गुंतवणुकी खरेदीच्या किमतीला दाखवल्या आहेत. किंमत कायमची घटली असेल तरच ती कमी केली जाते. दुसरं, व्याज हाती आलं नसलं तरी मुदत भरली तितकं जमेस धरलं आहे.

या दोन वाक्यांवर त्यांनी माझे सहा रविवार खाल्ले. तीन वर्षांमागं घेतलेल्या गंजीचा आजचा भाव तीन वर्षांमागचाच कसा, हा त्यांचा पहिला सवाल. मी म्हटलं, हे रोखे आपण विकणार नाही, मुदत संपेपर्यंत ठेवणार, म्हणून बाजारभाव बघत नाहीत. ठेवायच्या गंजीत तर हात आधी घालायचा, असं त्यांचं उत्तर. मग मुद्दा आला 'कायमची घट' या शब्दांचा. कायमची म्हणजे कधीपासून कायमची, आणि ती कायमची झाली हे ठरवतो कोण? मी सांगितलं, साहेब ठरवतात. त्यावर ते इतका वेळ माझ्याकडे बघत राहिले, की मी उगाचच उठून पंखा वाढवला. रोखे बघायला दाखवा म्हणाले, तर आता कागदी रोखे नसतात, सगळी नोंद संगणकात असते, हे सांगणं माझ्या कपाळी आलं. कागदही नाही हे ऐकून त्यांनी त्या रविवारी आमच्याकडचा चहा घेतला नाही.

सातव्या रविवारी त्यांनी फक्त एक यादी मागितली. प्रत्येक रोख्यापुढे शेवटचं व्याज बँकेत कोणत्या दिवशी जमा झालं, ती तारीख. धरलेलं व्याज नको, आलेलं हवं.

आता लपवून काय उपयोग. रस्ते बांधणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे रोखे ट्रस्टकडे होते आणि तिचे व्याजाचे दोन हप्ते आले नव्हते. ते मला माहीत होतं. मी मोठ्या साहेबांच्या कानावर घातलंही होतं. ते म्हणाले, येईल हो, एवढी मोठी कंपनी आहे, आपली रीत आहे तसं 'येणे' लिहा. मी लिहिलं. रीतीप्रमाणे लिहिलं, म्हणून झोपही नीट लागायची. एरवी यात खोट आली असती तर ती भरून द्यायची जबाबदारी कारखान्याची होती, नियमच तसा आहे. पण आमचा कारखाना दिवाळीआधी विकला जाणार, अशी कुणकुण बसमध्ये रोज चालू होती. खोट झाकलेली राहून मालक बदलला असता तर नव्यानं जुन्याकडे बोट दाखवलं असतं आणि जुना सापडला नसता. त्याच वर्षी आमच्याकडची बरीच माणसं निवृत्त होत होती. कुणाच्या घराची स्लॅब त्या फंडावर अडली होती, कुणाच्या पोरीचं लग्न. व्याहीही त्यांच्यातच होते. एवढं सगळं कळत असून मी यादी दिली नाही. आज सापडत नाही, उद्या बघतो, असं करत तीन रविवार टोलवले. व्याही नुसतं माझ्याकडे पोत्याकडे बघतात तसं बघत.

वार्षिक बैठक कँटीनमागच्या खोलीत होती. हिशेब मंजूर करायचे, सह्या करायच्या, समोसे खायचे, एवढंच काम. साहेबांनी सगळं वाचून दाखवलं आणि पेन पुढे केलं. व्याह्यांनी पेन घेतलं नाही. त्यांनी टेबलाखालचं माझं कागदांचं खोकं पायानं ओढून घेतलं आणि कोपरापर्यंत हात घालून अगदी तळाचा कागद काढला. निघाली कँटीनची जुनी पावती. साहेब हसले, मीही हसलो, आणि व्याही पावती बाजूला ठेवून पुन्हा हात घालायला लागले. चौथ्या वेळेस रोख्यांची यादी निघाली. तिच्यावर बोट ठेवत ते एकेक रोख्याचं शेवटचं व्याज कधी आलं ते विचारत खाली आले. रस्तेवाल्या कंपनीवर आले तेव्हा साहेब म्हणाले, ते येणे आहे.

"येणे नको," व्याही म्हणाले. "आलं कधी?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. व्याह्यांनी यादीतून डोकं वर केलं नाही. ते उपकार मी विसरणार नाही. त्यांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं असतं तर मी बहुधा खोटं बोललो असतो.

"दोन हप्ते आलेले नाहीत," मी म्हटलं. "तिसराही येईलसं वाटत नाही."

मग साहेब अर्धा तास बोलले. त्या रोख्याला बाजारात सध्या गिऱ्हाईकच नाही, त्यामुळे भाव किती पडला ते सांगता येत नाही, म्हणून घट दाखवता येत नाही, असं त्यांनी तीन तऱ्हांनी समजावलं. व्याह्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. त्यांच्या मते ज्याला गिऱ्हाईक नाही त्याला भाव नाही, आणि भाव नाही तर तो आकडा जुना ठेवायचं कारण नाही. गवत कायमचं कुजलंय का, याची वाट बघत बसलं तर शेजारची गंजीही जाते. घट दाखवेपर्यंत सही नाही. कामगारांच्या बाकीच्या विश्वस्तांनीही पेनं खिशात घातली. हिशेब सहीविना अडले, आणि सहीविना कारखाना विकता येईना. महिनाभर धुसफूस झाली, शेवटी घट दाखवली गेली आणि कारखान्यानं ती पदरचे पैसे घालून भरून काढली. त्या वर्षी निवृत्त झालेल्या प्रत्येकाला पै न् पै मिळाली. मला मात्र उरलेली दोन वर्षं स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला बसवलं. ते ठीकच झालं.

बैठकीच्या दिवशी आमची बस चुकली होती. सरळगावपर्यंत रिक्षा, तिथं नाक्यावर दुसरी गाडी बघत उभे. शेवटी मला राहवेना. म्हटलं, व्याहीबुवा, माझा संशय आला होता का तुम्हाला?

"आला ना," ते म्हणाले. "पयला तुमचाच आला."

मला ते लागलं. मुलगी दिलेल्या घरचा माणूस तोंडावर असं बोलतो. ते रस्त्याकडे बघत होते. "तुमचे धा वर्षांचे कागद काढून बगितले मी. रातपाळीला बसून बगितले. गार हायत." मग थोड्या वेळानं म्हणाले, "फक्त यवढी येकच पेंढी ऊन लागली. ती तुमची तुमी काढाल, म्हून थांबलो तीन रविवार."

त्या दिवसापासून मला या माणसाच्या संशयाचं वावडं उरलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवणारे पुष्कळ भेटले, साहेबही ठेवायचे. पण दहा वर्षांचं माझं काम रात्री जागून कुणी वाचलं नव्हतं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षापासून व्याह्यांचा उजवा खांदा धरला आहे, हात वर जात नाही. मुलगी सांगत होती, सासरे हल्ली दुधात बोट घालत नाहीत, आणि परवा तांदूळ आला तर वाण्यानंच विचारलं, आजोबा, आज हात नाही घालणार का? ते नको म्हणाले. मनगटावर घड्याळही आता एकच आहे. पेन्शनसाठी दरसाल आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो, त्यासाठी या खेपेला मी त्यांना शहापूरला घेऊन गेलो. यंत्रावर अंगठा ठेवायचा असतो. मशीननं आणि गवतानं त्यांची बोटं इतकी झिजली आहेत, की यंत्र त्यांना ओळखेना. अंगठा झाला, दुसरा अंगठा झाला, सगळी बोटं झाली. मी चिडलो. ते चिडले नाहीत. खात्री केल्याबिगर मानू नये, यंत्राचं बरोबर हाय, असं म्हणून त्यांनी बोटं धोतराला पुसली आणि पुन्हा ठेवली. बाराव्यांदा ते जिवंत ठरले.

तिथून बँकेत गेलो. पासबुक छापून घेतलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते न उघडता माझ्याकडे सरकवलं, म्हणाले, तुमी बगा. मी वरवर पाहिलं. सगळ्या महिन्यांची पेन्शन आली होती. बरोबर आहे म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पासबुक खिशात घातलं.

"एकदा बघा तरी," मी म्हटलं.

"तुमी बगितलं ना," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी उभा जन्म थांबलो होतो. मी त्यांच्या खिशातून पासबुक परत काढलं, बँकेच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसलो, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून एकेक ओळ बोट ठेवून वाचायला लागलो. ते दाराबाहेरच्या रस्त्याकडे बघत होते. बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"वरून नको. खालून बगा."