बुधवाऱ्यातले दार

१९ जून २०२१. दोन जीव: एक आई आणि तिच्या पोटातले मूल.

आई म्हणजे पूर्णिमा, शाहपूरच्या भागाबाईची मुलगी, बऱ्हाणपुरात बुधवारा पेठेत दिलेली. दिवस भरण्याआधीच रक्तस्राव सुरू झाला. एका दवाखान्याने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. प्रत्येकाने आपल्यापुरते खरे कारण सांगितले आणि वाटेत ती गेली. दोष कोणाचा हे ठरले नाही. धनी न मिळालेला अपराध माणसे एखाद्या जागेच्या नावावर चढवतात. भागाबाईने तो शहराच्या नावावर चढवला. पुढे कापड असो की औषध, जवळचे बऱ्हाणपूर टाकून ती उलट्या दिशेला मुक्ताईनगर गाठू लागली.

तापीकाठच्या या भागात मयत झालेल्या घरी सांत्वनाला जाण्याला ‘दारावर जाणे’ म्हणतात. आलेली बाई उंबऱ्याशी घरच्या बाईच्या गळ्यात पडते, दोघी मोठ्याने रडतात, मगच पाणी. ते रडणे झाल्याशिवाय दोन घरांतले जाणेयेणे पुन्हा सुरू होत नाही. पूर्णिमाच्या बाबतीत दोन्ही घरे वाट पाहत राहिली. लेक आमची गेली, त्यांनी यावे, असे भागाबाईला वाटे. मयत आमच्या घरची, त्यांनी यावे, असे तिच्या विहिणीला, वंदनाबाईला. दोघींच्या म्हणण्याला आधार होता. त्या आधाराची किंमत पूर्णिमाच्या मुलीने मोजली. तेव्हा दोन वर्षांची असलेली तृप्ती आजोळाला मुकली.

यंदा भागाबाईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकते का पाहू, असे डॉक्टर म्हणाले. घरी येऊन ती मुलाला, हर्षलला म्हणाली, “मला बऱ्हाणपूरच्या बसमध्ये बसवून दे. पोरीचं तोंड दिसतंय तोवर पाहून येते.”

“मी येतो ना संग.”

“तू भांडशील.”

शहरात उतरल्यावर तिने रिक्षा केली. बाजाराच्या तोंडाशी रिक्षावाला थांबला. “अम्मा, इथून पायी जा. आत गाडी घातली तर आपण दोघं उद्याच बाहेर निघू.” पुढे गल्ली चुकली तेव्हा एका बांगडीवालीने तिला सावलीत बसवून गाव विचारले.

“शाहपूरच्या का? अन् केळीच्या गावाहून हात हालवत आल्या? केळीची एक फणी तरी आणायची आमच्यासाठी.”

भागाबाईला हसू आले.

“लेकीकडं आल्या का?”

“हो,” ती म्हणाली.

खोटे बोलायचे म्हणून ती बोलली नव्हती. लेक दिलेल्या गावात आलेल्या बाईला जसे वागवतात तसे त्या शहराने तिला घटकाभर वागवले, आणि तिने ते घेतले. बांगडीवालीने घर दाखवले.

दार वंदनाबाईने उघडले. भागाबाईचा चेहरा पाहताच ती काय करायला आली आहे हे तिला कळले. ती पुढे झाली आणि तिने भागाबाईचे दोन्ही हात धरले. गळ्यात पडू दिले नाही.

“विहीणबाई, आता नका रडू. आमच्या पोराचं, नीलेशचं, दुसरं लग्न केलं आम्ही. सून पोटुशी आहे. भरल्या घराच्या दारात रडणं बरं नाही.”

“मग मी आली कशाला?”

“नातीला भेटायला आल्या असं समजा. पाहुण्यासारख्या आत या.”

“पाहुणी? माझी लेक गेली या घरातून.”

“आमची पण गेली. मी बी खूप वाट पाहिली तुमची. तेव्हा यायचं होतं.”

आतल्या दाराशी नवी सून अमृता उभी होती, पोटावर पदर घेऊन. ती घाबरली आहे एवढे भागाबाईच्या अधू नजरेलाही दिसले. पूर्णिमाचे पोट शेवटी एवढेच होते. भागाबाईने रडणे गिळले, उंबरा ओलांडला, आणि दिलेले पाणी ती प्यायली.

तृप्ती शाळेच्या गणवेशात समोर आली. “मम्मी, ये कौन है?” तिने अमृताला विचारले.

“शाहपूरच्या आजी,” वंदनाबाईच म्हणाली. “पाया पड.”

भागाबाईने मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरून अगदी जवळ आणला. मुलीने अंग चोरले आणि मान सोडवून घेतली.

“मे महिन्यात पाठवाल का हिला?”

“सुनेचं बाळंतपण होऊ द्या. मग पाहू.”

यापुढे मागण्यासारखा हक्क भागाबाईजवळ नव्हता. रडून आलेल्या विहिणीला नात मागता आली असती. पाहुणीला चहा मिळतो, तो मिळाला. कोणी तिचा अपमान केला नाही. पोटातल्या जिवाला जपण्यासाठी गेलेल्या जिवाचे नाव दारात घेऊ दिले नाही, इतकेच झाले, आणि याला क्रौर्य म्हणण्याइतका पुरावा कोणाकडेच नाही.

संध्याकाळी हर्षल शाहपूरच्या थांब्यावर उभा होता. काय झाले ते ऐकून तो म्हणाला, “मग इथं घरी रडून घे ना, आई.”

“ते तिथलं होतं,” ती म्हणाली. “इथं रडून कोणाला पोचणार?”

पूर्णिमासाठी तिच्या सासरच्या दारात जे रडायचे होते, ते अजून बाकी आहे.