नवरदेव नसलेला ढावलो

आमच्या किन्हीराजाजवळच्या तांड्यातली याडी एकटी कधीच गायली नाही. याडी म्हणजे आई. सगळा तांडा तिला तेच म्हणे. गळ्यात पडलेली पोरगी असेल तरच तिच्या तोंडून ढावलो निघायचा. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या बंजारा नवरीनं एकेकाच्या गळ्यात पडून गायचं गाणं. याडी ओळ सांगायची, नवरी मागोमाग म्हणायची. बाप, भाऊ, गाय, विहीर, कुणी सुटायचं नाही. याला रडगाणं म्हणून हिणवणारे भेटतात. बोलीला लिपी नसताना आमच्या बायांनी आख्खं गोत गळ्यात सांभाळलं. तुम्हाला पणजीचं नाव तरी येतं का?

याडी फटकळ. रिसोडला एका कार्यक्रमात बायांना भाड्याचे चमचमते घागरे घालून स्टेजवर उभं केलं. आयोजक माइक पुढं करून म्हणाले, "आजी, जरा रडून दाखवा."

"कोनाचं लगन हाय? पोरगी कुठं हाय? मंग कायले रडू?" एवढं बोलून ती खाली उतरली आणि जेवायला बसली.

मी तेव्हा मोबाइलवर तांड्याची गाणी गोळा करत होते. अशात याडीच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. आवाज राहीलच असं डॉक्टर सांगेनात. पूर्ण ढावलो येणारी ती एकटीच उरलेली, आणि तांड्यात एकही लग्न नाही. मी तिच्या अंगणात जाऊन बसले. बोललो गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत; इथं वऱ्हाडीत लिहिते.

"याडी, गा ना. मोबाइल ऐकून राह्यला."

"त्याले गळा हाय का? तू बस नवरी होऊन."

लग्न करणार नाही, हे मी भर बैठकीत सांगितलेलं. मी चिडले. "मले नवरदेव नाई पाह्यजे."

"मी कुठं म्हनलं आन म्हून? मोर्चे काढाले वाशिमले राहाले चालली ना? तांडा तं सुटनच. त्याचं गाऊ."

तिनं माझ्या डोक्यावर ओढणी ओढली, गळ्यात हात टाकला. सासरच्या जागी वाशिमची भाड्याची खोली घातली, सासूच्या जागी घरमालकीण. मी हसत होते. मग आईची ओळ आली. ऊसतोडीला जाताना मला पाठीशी बांधून नेणारी माझी आई. ती ओळ मागोमाग म्हणताना माझा आवाज फुटला. रेकॉर्डिंग ऐकून एका मित्रानं तेवढं कापायला सांगितलं. नाही कापलं.

ऑपरेशनमध्ये याडीचा आवाज गेला. आता पोरी मोबाइलवर तिचा ढावलो लावून शिकतात. चुकलं की ती मांडीवर थाप मारून थांबवते.

गेल्या महिन्यात तांड्यातली एक पोरगी पोलीस भरतीत लागली. फाट्यावर एसटी आली, तशा पोरी तिच्या गळ्यात पडल्या आणि नवरदेव नसलेला ढावलो सुरू झाला. सासरच्या जागी परेडचं मैदान त्यांनीच घातलं, मी शिकवलं नव्हतं. याडी नुसते ओठ हलवत होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. याडीनं त्याच्याकडं न बघता हात वर केला. गाणं संपेस्तोवर गाडी उभी राहिली.