फाटकाअलीकडचे उत्तम परब

ओमानमधल्या सोहारच्या कारखान्यांमागे कामगारांच्या खोल्या आहेत. तिथे उत्तम परब मला भेटले. मी रेकॉर्डर काढला तशी त्यांनी विचारलं, "नयनाताई, हे ऐकणार कोण?"

मी अल खौदला राहते आणि ओमानमध्ये आयुष्य घालवलेल्या मराठी माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवते. "आपलीच माणसं," मी म्हटलं.

"मग नीट सांगतो," ते म्हणाले.

उत्तमराव कणकवलीजवळच्या एका खेड्यातले. वडील गेले तेव्हा नऊ वर्षांचे होते. आईने त्यांना घाटावरच्या एका मिशन बोर्डिंगात ठेवलं. तिथे दोन वेळचं जेवण होतं, इंग्रजी होतं, वर्कशॉप होतं. सकाळी प्रार्थना, मग आवार झाडायचं, मग शाळा आणि दुपारी लेथ नाहीतर पंप. बायबलातली वचनं पाठ करावी लागत, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. वॉर्डन मिससाहेब कधी मारतही नसत. नकोसं वाटे ते रविवारचं पत्र. प्रत्येक मुलाने घरी लिहायचं आणि मिससाहेबांनी वाचल्यावरच पाकीट बंद व्हायचं. "मला इथे करमत नाही," असं उत्तमने एकदा लिहिलं, तर त्या मायेने म्हणाल्या, "आईला काळजी लागेल ना? पुन्हा लिही." त्यानंतर दर आठवड्याला तो मजेत असल्याचं पत्र गावी जात राहिलं.

अकराव्या वर्षी तो पळाला. गुळाच्या ट्रकमध्ये ढेपांच्या मागे लपून घाट उतरला आणि पुढे दिवसभर चालत घरी पोचला. आईने हातपाय धुवायला पाणी दिलं. पेज वाढली. "जेव पोटभर," ती म्हणाली. "सकाळी परत जावचा हा." सकाळी तिनेच त्याला एस्टीने नेऊन बोर्डिंगच्या फाटकात उभं केलं.

"तिने मागे वळून बघितलं नाही," उत्तमराव म्हणाले. "रडत असणार, हे आता कळतं. तेव्हा वाटलं, आता मला घरच नाही."

वर्कशॉपात शिकलेल्या कामावर ते एकतिसाव्या वर्षी ओमानला आले. नोकरी मुसंदममध्ये, अगदी उत्तर टोकाला. ओमानचा हा तुकडा बाकीच्या देशापासून तुटलेला आहे, मध्ये एमिरेट्स लागतं. रस्त्याने तिथून बाहेर कुठेही निघा, सरहद्दीच्या चौकीवर पासपोर्ट दाखवावाच लागतो. चौकीपासून दीड मैलावर समुद्राचं पाणी गोडं करणारा जुना प्लांट होता. तो चालवायचं काम उत्तमरावांचं. पासपोर्ट अर्बाबच्या, म्हणजे मालक मुआजच्या कपाटात.

सुरुवातीला दर दोन वर्षांनी सुट्टी मिळे. मग जोडीदार ऑपरेटर सोडून गेला, आणि त्या पंपाची नस फक्त उत्तमरावांनाच कळायची. सुट्टी बंद झाली. मुआज वाईट नव्हता. ईदला स्वतःच्या ताटातलं वाढायचा. पण सुट्टीचं काढलं की म्हणे, "तू गेलास तर वस्ती पाणी काय पिणार? पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला." असे चार वर्षं पुढचे महिने गेले.

फोनवर उत्तमराव बायकोला, जयवंतीला सांगत, सगळं ठीक आहे.

मग एक दिवस तीच म्हणाली, "आईंनी अंथरूण धरलंय. सारखं तुमचं नाव घेतात."

त्या दुपारी ते चालत चौकीवर गेले. तिथला अधिकारी ओळखीचा, त्यांच्याच प्लांटचं पाणी पिणारा. त्याने चहा दिला. "पासपोर्ट?" उत्तमरावांनी नकारार्थी मान हलवली. त्याने मुआजला फोन लावला. अर्ध्या तासात मुआज गाडी घेऊन आला, दार उघडलं आणि म्हणाला, "यल्ला उत्तम, घरी चल."

आठ दिवसांनी त्यांनी सुट्टीसाठी प्लांट बंद केला. ऑगस्टचं ऊन. दुपारपर्यंत टाक्या आटल्या. मुआज ओरडला, पोलिसांची धमकी दिली, शेवटी हात जोडले. उत्तमराव खोक्यावर बसून राहिले. मग वस्तीतली गुलबानू रिकामा कॅन घेऊन आली. तिची सून आठवड्यापूर्वीच बाळंत झाली होती. म्हातारीने काही मागितलं नाही, शेजारी सावलीत बसून राहिली.

"तासभर दम धरला मी," उत्तमराव म्हणाले. "मग स्वतःच्या हाताने बटण दाबलं."

चौथ्या दिवशी आई गेल्याचा फोन आला.

त्या आठवड्यात त्यांनी कामगार खात्याला इंग्रजीत अर्ज लिहिला. दोनच ओळी: मला घरी जायचं आहे. मला जाऊ देत नाहीत. मासळीच्या गाडीवरचा यूनुस तो मुसंदमच्या मुख्य गावी, खसबला, खात्याच्या कचेरीत देऊन आला. दोन महिन्यांनी अधिकारी आले आणि पासपोर्ट कपाटातून बाहेर आला. मुआजनेच त्यांना चौकीपर्यंत सोडलं. "रागावू नकोस," तो म्हणाला. उत्तमराव बॅग उचलून चौकीत शिरले.

गावी ते चार महिने राहिले. जयवंतीने वीस वर्षं एकटीने घर चालवलं होतं. ती त्यांना पाहुण्यासारखा पहिला चहा द्यायची. कुठली वस्तू कुठे असते, त्यांना सापडत नसे. पंपाच्या आवाजाशिवाय झोप येईना. सोहारमधल्या कारखान्यात मेंटेनन्सची जागा आहे असं कळलं, आणि ते परत आले.

"आता पासपोर्ट माझ्या ट्रंकेत आहे," ते म्हणाले. "कुणी अडवत नाही. दर वर्षी म्हणतो, हे शेवटचं. जयवंती आता विचारत नाही, कधी येणार म्हणून."

"मग जात का नाही?"

"घरी कसं राहायचं, ते मला येत नाही, ताई."

बाहेर कंपनीची बस लागली होती. त्यांनी बूट चढवले, हेल्मेट घेतलं आणि मला हायवेपर्यंतचा रस्ता समजावून सांगून ते शिफ्टला गेले.