नळी लालच होती

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेअकराला, कारंजाच्या एका खाजगी दातांच्या दवाखान्यात.

तिची खालची दाढ किडून संपली होती. डॉक्टर म्हणाले, ती काढू आणि तिचीच अक्कलदाढ त्या जागी बसवू. तिचंच रक्त नळीत काढून यंत्रात फिरवायचं. वर पिवळा थर येतो, जखम भरायला तो मदत करतो, तो खड्ड्यात घालायचा. बहीण घाबरली होती. तिला तयार मी केलं. ‘डॉक्टरला प्रश्न विचारा’ अशी पत्रकं मी मानोऱ्याच्या तांड्यांवर वाटत होतो, घरात माझा शब्द चालायचा.

रक्त काढलं आणि लाईन गेली. खुर्चीवरचा दिवा इन्व्हर्टरवर होता, रक्त फिरवायचं यंत्र नव्हतं. कंपाउंडर नळी घेऊन शेजारच्या लॅबमध्ये गेला, तिथंही लाईन नव्हती, तसाच परत आला. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि हातमोजे चढवले.

अर्धं तोंड बधिर, तरी बहीण म्हणाली, “दादा, रगत तं लालच दिसून राह्यलं. पिवळं होते म्हणे ना?”

“ताई, तुमचंच रगत हाय, पयून नाई जात,” कंपाउंडर हसला.

मी म्हणालो, “गप राय. त्याईले समजते.” डॉक्टरांनी किडकी दाढ काढून अक्कलदाढ तशीच बसवली.

पाचव्या आठवड्यात भाकर चावताना बसवलेली दाढ हलली. सातव्यात डॉक्टरांनी ती चिमट्यानं उचलून ट्रेमध्ये टाकली. मी फाइल मागितली. त्यात लिहिलं होतं, पिवळा थर वापरला.

“यंत्र बंद होतं. वापरला कसा?”

“वापरला असता तरी दाढ टिकलीच असती असं नाही.”

असेलही. “पण मग लिहिलं कशाला?” मी विचारलं.

“फॉर्म छापीलच असतो,” डॉक्टर म्हणाले.

बसमध्ये मी दवाखान्याविरुद्ध पत्रक काढायचं बोलत होतो. गालाला रुमाल लावून बहीण म्हणाली, “काढ. पण मी तं इचारलं होतं. गप राय तूच म्हणला.”

दोन्ही दाढा गेल्या. आता ती एकाच बाजूनं जेवते.

म्हणून हे पत्रक तुमच्यासाठी आहे. अशा खुर्चीत बसाल किंवा आपल्या माणसाला बसवाल, तेव्हा आधी ती नळी मागा. वर पिवळा थर डोळ्यांनी दिसत नाही तोवर पुढचं काम होऊ देऊ नका. आणि खुर्चीतलं माणूस काही विचारत असेल, तर त्याला गप करू नका.